साडेअकराचं जेवण

मोंसेरे गावात आंसेल्म बारेरच्या घरी बाराच्या घंटेला सूप टेबलावर आलंच पाहिजे, हा नियम त्याच्या आईच्या वेळेपासूनचा. चर्चची घंटा वाजायला लागली की आंसेल्म बागेतून आत यायचा, हात धुवायचा, खिशातली घडीची सुरी काढून ताटाच्या उजव्या बाजूला ठेवायचा आणि पाव कापायला घ्यायचा. वय चौऱ्याण्णव. डोळ्यांना धूसर दिसायचं, पण पावाचे काप एकसारखे पडायचे.

त्याची मुलगी माइते सदुसष्टची. घटस्फोट झाला, मागोमाग आई गेली, तेव्हा ती बापाकडे राहायला आली ती कायमची. ओश शहरातली पोस्टाची नोकरी संपल्यावर दोघांचा स्वयंपाक तिच्याकडे आला. त्यात थाटमाट काही नव्हता. कोबी, सलगम, पांढऱ्या शेंगांचे दाणे आणि बदकाचं हाड घालून सकाळपासून मंद आचेवर ठेवलेलं सूप. मग स्वतःच्याच चरबीत मुरलेली बदकाची मांडी, तीही दोघांत एक. बागेतला पाला व्हिनेगर शिंपडून, चीजचा बोटभर तुकडा, ऋतूप्रमाणे एखादं फळ. लाल वाइन एक ग्लास. दुसरा ग्लास कोणी मागतही नसे. वाडग्याच्या तळाशी सूप उरलं की आंसेल्म त्यात घोटभर वाइन ओतायचा, गोल फिरवायचा आणि वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावायचा. रात्री नुसतं सूप आणि मधल्या वेळात काही म्हणजे काही नाही. "पोट म्हणजे स्टेशन नव्हे, येईल त्या गाडीला थांबू द्यायला," असं तो म्हणायचा.

हे जेवण दीड तास चालायचं. त्यात खाणं थोडं आणि बोलणंच फार. दर गुरुवारी वरच्या आळीतला ओदिलाँ पाव घेऊन जेवायला यायचा. तो अठ्ठ्याऐंशीचा, बायको जाऊन खूप वर्षं झालेला आणि जिभेला हाड नसलेला. आंसेल्मच्या मुळ्यांना नावं ठेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि ओदिलाँच्या कोंबड्या अंडी घालतात की खडे, हे विचारल्याशिवाय आंसेल्मच्या. पन्नास वर्षं तीच भांडणं आणि तेच दोघे. माइते मधे बसून दोघांनाही पाला वाढत राहायची.

गावचा डॉक्टर म्हणायचा की आंसेल्मचं काळीज साठीच्या माणसाचं आहे. कोणी त्याचं श्रेय वाइनला द्यायचं, कोणी बदकाच्या चरबीला, कोणी रोज चढावर चालत जाऊन पाव आणण्याला. माइतेने त्यावर कधी डोकं चालवलं नाही. ज्या घरात रोज चूल पेटते त्या घरातलं माणूस काही जाळाकडे बघत बसत नाही.

त्या टेबलाचा आणखी एक नियम होता. जेवताना आजारपण आणि मरण काढायचं नाही. त्यामुळे फेब्रुवारीत तुलूझच्या डॉक्टरीणबाईंनी माइतेला आतड्यातल्या गाठीबद्दल सांगितलं, त्या दिवशी ती बाराच्या आत घरी पोचली, तिने सूप गरम केलं, बापाला वाढलं, स्वतःही वाडगाभर संपवलं. सगळं जेवणभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तीच विहीर, तीच बाग, तोच पाव, तीच वाइन. याला चौऱ्याण्णव वर्षं आणि मला हे. तिला बापाचा राग आला नाही. पण वाडग्यात वाइन फिरवणाऱ्या त्याच्या हातांकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

कॉफी झाल्यावर तिने सांगितलं. ऑपरेशन, मग औषधाच्या सलाइनच्या फेऱ्या, बहुतेक उन्हाळाभर. आंसेल्मने ऐकून घेतलं. बराच वेळ तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होता.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"आणि माझं काय करायचं ठरवलंस?"

हा प्रश्न तो इतक्या सहज विचारील असं तिला वाटलं नव्हतं. त्याला एकटा ठेवणं शक्य नव्हतं. मागच्याच हिवाळ्यात तो गॅस चालू ठेवून काडी पेटवायला विसरला होता. मदतनीस बाई मिळत होती, पण ती दुपारी वीस मिनिटांसाठी यायची, थाळी पुढे ठेवायची आणि पुढच्या घरी पळायची. ओदिलाँ छातीवर हात ठेवून म्हणाला होता, आंसेल्मला माझ्याकडे पाठव, दोघे मिळून काहीतरी शिजवू. पण ओदिलाँला स्वतःला उठताना दाराची चौकट धरावी लागत होती. माइतेने त्याचे आभार मानले आणि ओशच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात चौकशी केली. जागा होती. इमारत नवी होती, खिडक्यांतून शेतं दिसत होती, माणसं गोड बोलणारी होती.

"तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, पापा. मी बरी झाले की तू परत घरी."

आंसेल्मने सुरी पुसली, मिटली, खिशात टाकली. त्या घरात सुरी मिटली की जेवण संपलं असं समजायचं. उठता उठता त्याने एवढंच विचारलं, "तिथे जेवायला कधी बसतात?"

"बाराला," माइते म्हणाली. आश्रमात तिने साडेअकरा ऐकलं होतं.

मार्चमध्ये एका सोमवारी तिने त्याला तिथे सोडलं. संचालिका मादाम पेल्तिए यांनी स्वतः खोली दाखवली, गादी दाबून दाखवली आणि मग फार अदबीने सुरी मागून घेतली. इथे काही जणांचं भान सुटलेलं असतं, धारेची वस्तू बाहेर राहू देता येत नाही, परत जाताना नक्की देऊ, असं त्या म्हणाल्या. आंसेल्मने दिली. जेवणघरात त्याला खिडकीशेजारची खुर्ची मिळाली. समोर मादाम लाफोर्ग नावाच्या बाई होत्या, त्यांची नजर ताटाच्या पलीकडे कुठेतरी लागलेली. उजवीकडे एक गृहस्थ मान छातीवर टाकून झोपलेले. भिंतीवरच्या टीव्हीत कोणीतरी बक्षिसं जिंकत होतं. आंसेल्म बसला, सगळ्यांकडे वळून म्हणाला, "चला, जेवू या सावकाश." कोणीच वर पाहिलं नाही. माइतेने कोट घातला आणि निघाली. दुसऱ्या दिवशी तिला तुलूझला भरती व्हायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा बापाला फोन लावला. त्यानंतर रोज संध्याकाळी फोन, आणि फोनवर रोज तोच खेळ. ती म्हणायची मी मजेत आहे. तो म्हणायचा मी मजेत आहे. मग ती विचारायची आज काय होतं जेवायला, आणि तो सांगायचा: बदकाची मांडी, अळंबी घालून. किंवा पांढऱ्या सॉसमधलं वासराचं मटण. किंवा मासा, लोण्यात, वर लिंबू. तिला हायसं वाटायचं. सलाइनच्या फेऱ्या सुरू झाल्यावर तर तिला अन्नाचं नावसुद्धा सहन होईना. कॉफीच्या वासाने पोट ढवळायचं, तोंडात गंजलेल्या खिळ्याची चव असायची. तरी ती डोळे मिटून बापाकडून बदकाची मांडी ऐकून घ्यायची.

ओदिलाँकडे चालवायला परवाना लागत नाही अशी, डब्याएवढी छोटी गाडी होती. ती घेऊन तो दर गुरुवारी आश्रमात जायचा. वाटेत त्याच्यामागे ट्रकांची रांग लागायची, त्याची त्याला फिकीर नव्हती. मे महिन्यात, माइते दोन फेऱ्यांच्या मधे घरी आलेली असताना, तो दारात उभा राहिला. हातात पाव होता, पण तो आत आला नाही.

"तुला हे सांगायला त्याने मला मना केलंय," तो म्हणाला, "पण मी काय त्याच्या बापाचं खातो? माइते, तुझा बाप जेवत नाही."

मग उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये एकदा आंसेल्मला ठसका लागला होता. पावाचा तुकडा. त्या दिवसापासून त्याचं सगळं जेवण यंत्रात वाटून येऊ लागलं. ताटात तीन गोळे, एक तपकिरी, एक हिरवा, एक पांढरा. पाव बंद. वाइनसुद्धा पूड घालून घट्ट केलेली, चमच्याने भरवायची. मी माझ्याकडची मुरवलेल्या बदकाची बरणी नेली, तर त्यांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. जेवण सुरू होऊन वीस मिनिटं झाली की ताटं उचलायला लागतात. ती माणसं वाईट नाहीत. दोन पोरी आणि चाळीस म्हातारे, त्या तरी काय करणार. पण आंसेल्म सुरुवातीला समोरच्या बाईशी बोलायचा, शेजारच्या झोपाळूशी बोलायचा. आता बोलत नाही. आणि बोलणं बंद झालं तसा चमचाही बंद झाला.

"तो तर मला रोज सांगतो बदक होतं म्हणून," माइते म्हणाली.

"बदकच असतं," ओदिलाँ म्हणाला. "तपकिरी गोळा."

त्याचं म्हणणं होतं की दर गुरुवारी आंसेल्मला जेवायला घरी आणावं, त्याच्या गाडीतून. तिने आश्रमाच्या कागदावर फक्त सही करायची. माइतेने गाडीकडे पाहिलं, एका हाताने चौकट धरून उभ्या असलेल्या ओदिलाँकडे पाहिलं. दोन दिवसांवर पुढची फेरी होती आणि स्वयंपाकघरात पाय टाकला तरी तिला उमळून येत होतं. ती म्हणाली, ही फेरी होऊ दे, जरा ताकद येऊ दे, मग मीच आणते. ओदिलाँने पाव दाराजवळच्या बाकावर ठेवला आणि तो गेला.

ताकद यायला जून उजाडला. एका गुरुवारी तिने सकाळी उठून नाकाला रुमाल बांधला आणि सूप चढवलं. कोबीचा वास घरभर पसरला तशी ती अंगणात जाऊन ओकली, तोंड धुतलं, परत येऊन सलगम घातले. टेबलावर कापड अंथरलं. मग गाडी काढून बापाला आणायला गेली. मादाम पेल्तिएंनी सुरी परत दिली. माइतेने ती बापाच्या खिशात घातली तेव्हा कोटाच्या आत माणूस किती उरलाय ते तिच्या हाताला कळलं.

घंटा वाजली तेव्हा तिघे टेबलाशी होते. सूप वाढलं. आंसेल्मने सुरी उघडली आणि पाव कापला. काप आता वेडेवाकडे पडले. ओदिलाँने पहिला चमचा तोंडात घातला आणि लगेच सुरू झाला, की तुझ्या बागेत आता नुसतं गवत आहे, पण मुळ्यांपेक्षा गवत बरं, निदान ते कोणाला खावं लागत नाही. आंसेल्म हसला. खूप दिवसांनी हसल्यासारखा, अर्धवट. त्याने चमचा भरला, ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला. पुन्हा भरला. पुन्हा ठेवला.

माइतेच्या पुढ्यातलं सूप तसंच होतं. तिने तोंड घट्ट मिटून श्वास रोखून धरला होता. वाफ वर येत होती आणि ती वाफेकडे बघत नव्हती.

"तू खात नाहीस," आंसेल्म म्हणाला.

"तू खा. मी खाते मग."

"पोट लहान झालंय गं. सवय मोडली की ते लगेच आवळून बसतं." थोडं थांबून तो म्हणाला, "तुला वास सहन होत नाही ना?"

"होतो."

"खोटं बोलू नको टेबलावर."

"तू फोनवर बोललास ते?"

"मी कुठे खोटं बोललो? बदकच होतं."

ओदिलाँने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्याने स्वतःचा वाडगा संपवला, आंसेल्मचा पुढे ओढला, तो संपवला, माइतेचा ओढला. घाम पुसत पुसत, श्वास लागेपर्यंत, ते तिन्ही वाडगे तो संपवत गेला आणि मधे मधे कोंबड्यांचं, पावसाचं, सरपंचाच्या नव्या कुत्र्याचं सांगत राहिला. बारेरांच्या घरी ताटात टाकायची पद्धत नव्हती. बापलेक ऐकत बसले होते. दीड तास झाला तरी कोणी उठलं नाही. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, भरल्या घरातलं जेवण रंगलंय.

बदकाच्या मांडीला कोणी हात लावला नाही. शेवटी आंसेल्मनेच सुरी मिटली.

"मला आता परत सोड," तो म्हणाला. "तिथे सहाला सूप असतं. तिथली अवा वाट बघते."

"आज इथेच राहा, पापा. रात्री राहा."

"आणि रात्री मला उठवून बसवणार कोण? तू? वाऱ्याने पडशील अशी झालीयेस. सोड मला. बरी हो, मग बघू."

तिने सोडलं. आश्रमाच्या दारात अवा, जेवणघरातली उंच, काळीसावळी पोरगी, खरंच वाट बघत होती. तिने आंसेल्मचा हात धरला आणि त्याने स्वतःच खिशातून सुरी काढून तिच्या हातात दिली.

जुलैत, उन्हाने शेतं करपली होती तेव्हा, दुपारच्या जेवणानंतर खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्याच तो गेला. झोपलाय असं वाटून कोणी लगेच हात लावला नाही. आश्रमाचा डॉक्टर म्हणाला, या वयात कारण विचारायचं नसतं, दिव्यातलं तेल संपलं. गावच्या डॉक्टरने मात्र, अंत्ययात्रेनंतर टोपी हातात धरून, माइतेला वेगळंच सांगितलं. म्हणाला, त्याचं काळीज शेवटपर्यंत साठीचंच होतं. मग आपण हे बोलायला नको होतं असं त्याच्या ध्यानात आलं आणि तो उन्हाबद्दल बोलू लागला.

आंसेल्म गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सामान आणायला माइते गेली होती, तेव्हा साडेअकरा होत होते. स्वयंपाकघराला कोणी कळवलं नव्हतं, त्यामुळे खिडकीशेजारच्या जागी आंसेल्मच्या नावाचं ताट येऊन पडलं होतं. अवा ते उचलायला धावली. माइते म्हणाली, राहू दे. ती बापाच्या खुर्चीत बसली. समोर मादाम लाफोर्ग कुठेतरी बघत होत्या.

तिने तपकिरी गोळ्यातला चमचाभर तोंडात घातला. बदक होतं. मीठ बरोबर होतं, वर थोडी लसणाची चव होती. कोणीतरी मन लावून शिजवून मग ते यंत्रात घातलं होतं. अन्नात काही खोट नव्हती. तिने खाल्लं, हिरवंही खाल्लं. कितीतरी महिन्यांत तिच्या पोटात इतकं अन्न गेलं नव्हतं आणि ढवळलंही नाही. कोणी काही बोललं नाही. टीव्हीत टाळ्या वाजत होत्या. ताट पुसून झालं तेव्हा तिने वर पाहिलं, तर फार तर दहा मिनिटं झाली होती.

अवा तिच्याजवळ टेकली आणि हळू आवाजात सांगू लागली. लिफ्टजवळ आठवड्याचं जेवण लिहून लावलेलं असतं. त्यांना दिसायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी मला वाचायला लावायचे. सगळं, सॉससकट. दोनदा. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही तर चमचाभरही खाल्लं नाही, पाठ कशाला करताय? तर म्हणाले, माझी मुलगी विचारते. तिला भूक लागायला हवी.

सप्टेंबरात माइतेचा उपचार संपला. तुलूझच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आतड्याचं चित्र दाखवलं. स्वच्छ. पाच वर्षं तपासण्या कराव्या लागतील, पण लक्षणं उत्तम आहेत, असं त्या म्हणाल्या. कुटुंबाची माहिती चाळत त्यांनी वडिलांचं वय वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग तुम्ही खूप जगाल. तुमच्याकडचं खाणंपिणंच तसं आहे." माइतेने हो म्हटलं. बाहेर येऊन ती बराच वेळ गाडीत बसून राहिली. मग पेट्रोल पंपावरचं कागदात गुंडाळलेलं सँडविच घेतलं आणि गाडी चालवता चालवता खाल्लं. चव लागली. तोंडातला गंज गेला होता, जीभ परत आली होती, आणि त्याचंच तिला रडू आलं.

घरी ती टेबलाशी बसेना. भूक लागली की ओट्याशी उभी राहून खायची, कधी अकराला, कधी तीनला, डब्यातून तसंच. बागेत गवत कमरेएवढं झालं. बाराची घंटा वाजली की ती काहीतरी काम काढून वरच्या मजल्यावर जायची.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी, घंटा चालू असतानाच, दार वाजलं. ओदिलाँ होता. दाढी केलेली, कोट घातलेला, काखेत पाव. नुसता उतार उतरून त्याला धाप लागली होती. डोकावून त्याने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि तरी विचारलं, "सूप असेल का?"

माइतेला सांगता आलं असतं की सूप नाही, पण ये, अंडी करते. ओठांवर आलंही होतं. पण त्याच्या खांद्यावरून मागे तिला बागेचं फाटक दिसलं, आणि मे महिन्यातला तोच ओदिलाँ, तोच पाव, आणि ती स्वतः 'मग आणते' म्हणताना.

"मी जेवले," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"हो. आज लवकर."

ओदिलाँने मान हलवली, जसं काही हे त्याला आधीच ठाऊक होतं. पाव त्याने या वेळी बाकावर ठेवला नाही. तो वळला आणि भिंतीला हात लावत लावत चढ चढू लागला. माइते दारातून बघत होती. कोपऱ्यापर्यंत जायला त्याला खूप वेळ लागला. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. हिवाळ्यात पाववाली बाई सांगत होती की ओदिलाँ आता अर्धाच पाव नेतो, आणि टीव्हीसमोर बसून जेवतो, मिळेल त्या वेळी.